गप्पांच्या गटांतील ठकबाजी

मासे गळाला लावण्याच्या क्रियेस इंग्रजींत 'फिशिंग' म्हणतात. या शब्दाचें पहिलें अक्षर बदलून, त्याच्या जागीं तोच उच्चार देणारीं दुसरीं दोन अक्षरें बसवून, एक नवा शब्द गेल्या शतकाच्या अखेरीस प्रचारांत आला. आणि त्या शब्दांत माशाची जागा माणसानें घेतली. बनावट निरोप धाडून एखाद्याकडून त्याची गुप्त माहिती काढून घेणें, असा त्याचा अर्थ आहे. पुष्कळांची समजूत अशी असते कीं, ही विद्या बँकांच्या खोट्या पत्रांतून निघाली. वस्तुस्थिति तशी नाहीं. तिचा जन्म गप्पांच्या खोल्यांत झाला. १९९० नंतरच्या दशकांत 'अमेरिका ऑनलाइन' नांवाची कंपनी टेलिफोनच्या तारेवरून घरोघर संगणकाची सेवा पुरवीत असे. त्या सेवेंत 'चॅट रूम' म्हणजे लिहून गप्पा मारण्याच्या खोल्या होत्या, आणि एकमेकांस कधींहि न पाहिलेलीं माणसें तेथें मध्यरात्रीपर्यंत रमत. १९९५ च्या सुमारास कांहीं तरुण या खोल्यांत शिरले. आपण कंपनीचेच नोकर आहोंत अशी बतावणी करून, 'खात्याची तपासणी चालू आहे, सांकेतिक शब्द कळवावा' असे निरोप ते एकेकास धाडूं लागले. हें काम आपोआप करणारें 'एओहेल' नांवाचें आयतें साधनहि वाटलें गेलें होतें. शेवटीं कंपनीस निरोपाच्या चौकटींतच खुलासा करावा लागला कीं, तिचा कोणीहि नोकर कोणाचा सांकेतिक शब्द कधीं विचारीत नाहीं.

तीस वर्षांच्या अवधींत यंत्रें बदललीं, तारा गेल्या, संगणक खिशांत येऊन बसला. युक्ति मात्र तीच राहिली. याचें कारण, ती यंत्राच्या दोषावर उभारलेली नसून गप्पांच्या स्वभावावर उभारलेली आहे. अनोळखी माणसाचें पत्र आलें तर सुशिक्षित गृहस्थ तें दोनदां वाचतो. गटांत आलेला निरोप तो एकदांच वाचतो, आणि तोहि नांवापासून. वर 'वहिनी' किंवा 'नाना' असें ओळखीचें नांव दिसलें कीं, खालचा मजकूर अर्धा खरा ठरलेलाच असतो. पूर्वीं पत्रांत हस्ताक्षर असे. टेलिफोनवर आवाज असतो. दाराशीं आलेल्या माणसाची चाल आणि उभें राहण्याची ढब डोळ्यांस दिसते. गटांतील निरोपांत या खुणा उरत नाहींत. तेथें सर्वांचें अक्षर छापील आणि एकसारखें. माणूस ओळखावयाचा तो नांवाच्या पाटीवरून आणि नखाएवढ्या चित्रावरून. ही पाटी काढून दुसऱ्या दारावर लावतां येते, एवढें ज्यास उमगलें त्या ठकाचें अर्धें काम झालें.

हिंदुस्थानांत ही कल्पना नवी नाहीं. एकोणिसाव्या शतकांत विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानें ठगांविषयीं जें लिहून ठेवलें, त्यांत वारंवार येणारी गोष्ट ही कीं, ठग वाटसरूंवर एकदम तुटून पडत नसत. ते त्यांच्या तांड्यांत सामील होत, बरोबर चालत, आणि विश्वास बसल्यावर डाव साधीत. स्लीमनच्या वर्णनांत सत्य किती आणि सरकारी अतिशयोक्ति किती, याविषयीं इतिहासकारांत अजून वाद आहे. आजच्या ठकाचें वर्तन मात्र त्या वर्णनाशीं चांगलेंच जुळतें. तोहि सोबती म्हणूनच येतो. कित्येकदां तर 'सावध राहा, तुमच्या खात्यावर कोणाचा तरी डोळा आहे' असें सांगतच येतो.

महाराष्ट्रांतील शहरी कुटुंबांत गप्पांचा गट म्हणजे बहुतेक करून व्हॉट्सॲपवरील ग्रुप. इमारतीचा एक, शाळासोबत्यांचा एक, भिशीचा एक, मुलांच्या वर्गांतील पालकांचा एक, आणि आजीआजोबांपासून परदेशीं गेलेल्या भाच्यापर्यंत सर्वांस गोवणारा कुटुंबाचा एक. एकाच माणसाचा वावर इतक्या अंगणांत असल्यामुळें, एक खातें फुटलें कीं अनेक दारें उघडतात. तें खातें फुटतें कसें, हें नीट पाहिलें पाहिजे.

व्हॉट्सॲपचें खातें मोबाइलच्या क्रमांकाशीं बांधलेलें असतें. नव्या यंत्रावर तें सुरू करावयाचें तर तो क्रमांक लिहावा लागतो, आणि त्या क्रमांकावर कंपनीकडून येणारा सहा आंकड्यांचा संकेत भरावा लागतो. मूळ तजवीज एवढीच. क्रमांक मिळविणें ठकास कठीण नाहीं. एका साध्या गटांत शिरकाव झाला कीं तेथील सभासदांचे क्रमांक त्याच्यापुढें मांडलेलेच असतात. उरतो तो संकेत. तो खऱ्या मालकाच्या यंत्रावर जातो, म्हणून तो मालकाकडूनच मागून घ्यावा लागतो, आणि येथें ओळखीचें नांव उपयोगीं पडतें. समजा, गटांतील एका बाईंचें खातें आधींच ठकाच्या हातीं गेलेलें आहे. तो त्यांच्या नांवानें त्यांच्या मैत्रिणीस लिहितो: 'अगं, माझा एक सहा आंकडी नंबर चुकून तुझ्या मोबाइलवर आला आहे, तेवढा पाठव ना.' नंबर खरोखरच आलेला असतो. शेजाऱ्याचें चुकून आलेलें पत्र कोणीहि नेऊन देतो. तशाच सद्बुद्धीनें तो नंबर पाठविला जातो. एकदोन मिनिटांत त्या मैत्रिणीचें खातें तिच्या हातून जातें. मग तिच्या सर्व गटांत निरोप फिरतो: 'जरा अडचण आली आहे, माझें यूपीआय चालत नाहीं. पंधरा हजार या नंबरवर पाठवाल का? संध्याकाळीं देतें.' रक्कम मोठी चतुराईनें निवडलेली असते. नाहीं म्हणण्याचा संकोच वाटावा, पण चौकशी करण्याइतकी ती मोठीहि वाटूं नये.

या प्रकारास एक साधें कुलूप आहे. फेब्रुवारी २०१७ पासून व्हॉट्सॲपनें दुहेरी पडताळणीची सोय ठेविली आहे. खातेदारानें स्वतः ठरविलेला सहा आंकड्यांचा दुसरा अंक असल्याशिवाय केवळ आलेल्या संकेतावर खातें उघडत नाहीं. तें कुलूप मालकानें लावलें नसेल तर बहुधा ठकच तें लावून टाकतो. अशा वेळीं मालकानें आपल्या यंत्रावर पुन्हां क्रमांक नोंदवून नवा संकेत भरला कीं, दुसरा अंक ठाऊक नसला तरी ठक त्या क्षणीं बाहेर फेंकला जातो. मालकास मात्र आंत जाण्यासाठीं सात दिवस थांबावें लागतें. पुष्कळांस हें ठाऊक नसल्यामुळें ते 'आतां कांहीं इलाज नाहीं' म्हणून हातपाय गाळतात, आणि ठक त्यांच्या नांवानें दिवसचे दिवस मागत राहतो.

खातें न बळकावतां त्याच्या शेजारीं चोरून बसण्याचीहि एक रीत आहे. एकच खातें संगणकावर व दुसऱ्या यंत्रांवर जोडण्याची सोय कंपनीनें दिली आहे. एखाद्या स्पर्धेस मत देण्याच्या किंवा छायाचित्र पाहण्याच्या निमित्तानें ठक ही जोडणी मालकाच्याच हातून करवून घेतो. खातें चालूच राहतें, म्हणून संशय येत नाहीं, आणि निरोप मात्र दोन ठिकाणीं वाचले जातात. 'लिंक्ड डिव्हाइसेस' या सदराखालीं जोडलेल्या यंत्रांची यादी असते. ती महिन्यांतून एकदां पाहण्यास अर्धें मिनिट लागतें. तिसरी रीत टेलिफोन दुसरीकडे वळविण्याची. 'पार्सल आलें आहे, अमुक आंकडे फिरवा' असें सांगून मालकाचे येणारे फोन ठक आपल्याकडे वळवून घेई, आणि संकेत आवाजांत ऐकून घेई. हा उपद्रव इतका वाढला कीं, आंकडे फिरवून फोन वळविण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून स्थगित करण्याचा आदेश केंद्राच्या दूरसंचार विभागानें कंपन्यांस दिला.

चौथी रीत लग्नसराईंत विशेष फोफावते. गटांत लग्नाची पत्रिका येते. कधीं वाहतूक-दंडाची पावती, कधीं विजेचें बिल येतें. पत्रिका म्हणजे चित्र तरी असावें किंवा पीडीएफ तरी. नांवाच्या शेवटीं 'एपीके' हीं अक्षरें असलेली वस्तु पत्रिका नसून मोबाइलमध्यें बसणारें यंत्रतंत्र असतें. तें बसविण्यास अनुमति दिली कीं बँकेकडून येणारे ओटीपी तें परस्पर वाचूं शकतें, आणि तीच पत्रिका मालकाच्या नांवानें पुढच्या गटांत जाऊन पडते. आहेराऐवजीं बचतच द्यावी लागावी, असा हा आमंत्रणाचा थाट.

येथवर जें सांगितलें त्यांत गट खरा असतो आणि एक सभासद खोटा. याच्या उलट, एक सभासद खरा आणि बाकी सारा गट खोटा, असाहि प्रकार आहे, आणि नुकसान त्यांत अधिक होतें. जत्रेंत तीन पत्त्यांचा डाव मांडणाऱ्याभोंवतीं जी गर्दी असते, तींत त्याचेच साथीदार पैसे लावून जिंकत असतात. ती गर्दी पाहून गांवचा माणूस पुढें सरसावतो. शेअरबाजारांत नफा करून देण्याच्या गटांची रचना अगदीं तशीच आहे. गृहस्थास न विचारतां गटांत ओढलें जातें. तेथें शंभर-दीडशें सभासद असतात. एक 'सर' रोज सकाळीं शेअरांचीं नांवें सांगतात. एक आदबशीर सहायिका शंकांचें निरसन करते. आणि सायंकाळीं 'सर, आज अठरा हजार सुटले' असे आभाराचे निरोप व नफ्याचीं चित्रें पडूं लागतात. त्यांपैकीं बहुतेक सभासद एकाच टेबलावरचे असतात. नवा सभासद कित्येक आठवडे नुसतें पाहतो. मग सांगितलेलें ॲप घेतो, थोडी रक्कम घालतो. ॲपमध्यें ती वाढलेली दिसते. तो पांच हजार परत मागतो, आणि ते खरोखर मिळतात. हे पांच हजार म्हणजे ठकाचें भांडवल. त्यावर पुढचे पन्नास लाख उभे राहतात. ॲपमधील आंकडे कोणत्याहि बाजाराशीं जोडलेले नसतात, ते नुसते रंगविलेले असतात. मोठी रक्कम परत मागितली कीं प्रथम कर भरावा लागतो, मग शुल्क, मग दंड. आणि आधींची रक्कम सोडविण्याच्या आशेनें घरचें सोनें गहाण पडतें.

या सापळ्यांत अडकणारे लोक अडाणी असतात, हा समज चुकीचा आहे. पेन्शन घेतलेले अधिकारी, डॉक्टर, अभियंते त्यांत सांपडले आहेत, आणि त्याचें कारणहि उघड आहे. सुशिक्षित माणूस एकट्याच्या शब्दावर विसंबत नाहीं. तो चार लोकांचा अनुभव पाहतो. येथें ते चार लोकच बनावट असतात. खूण एकच, पण भक्कम: पैसे कोणाच्या खात्यांत मागितले जातात. नोंदणीकृत दलाल भलत्याच व्यापारी पेढीच्या किंवा व्यक्तीच्या खात्यांत पैसे घेत नाहीं, आणि सल्लागाराची नोंदणी सेबीच्या यादींत पाहतां येते. नोंदणीकृत मध्यस्थांस ओळखतां यावें म्हणून १ ऑक्टोबर २०२५ पासून सेबीनें त्यांच्या यूपीआय पत्त्यांत 'व्हॅलिड' हा शब्द असण्याची योजना सुरू केली आहे. शिवाय, परक्या माणसानें आपल्यास गटांत ओढूं नये यासाठीं व्हॉट्सॲपनें एप्रिल २०१९ पासून खातेदाराच्या हातीं एक खटका दिला आहे. तो 'फक्त माझ्या ओळखीचे' या जागीं ठेवला कीं, हा सापळा बराचसा दाराबाहेरच राहतो.

हे निरोप लिहितो कोण, हा प्रश्न साहजिक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयानें ऑगस्ट २०२३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालांत म्यानमारमध्यें किमान १,२०,००० आणि कंबोडियांत सुमारें १,००,००० माणसें ठकबाजीच्या केंद्रांत बळजबरीनें कामास जुंपलेलीं असावींत, असा अंदाज दिला होता. त्यांत हिंदी तरुणहि होते. थायलंडांत संगणकाची नोकरी देतों म्हणून नेलेल्या आणि सीमेपलीकडे डांबलेल्या ५४९ भारतीयांस मार्च २०२५ मध्यें वायुदलाच्या विमानांनीं परत आणलें. त्या नोकऱ्यांच्या जाहिरातीहि समाजमाध्यमांवरूनच आल्या होत्या. व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीनें २०२५ च्या पहिल्या सहामाहींत अशा केंद्रांशीं संबंध असलेलीं ६८ लाखांहून अधिक खातीं बंद केल्याचें जाहीर केलें. संख्या मोठी आहे. पण नवें खातें उघडण्यास एक नवा क्रमांक पुरतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तिचें समाधान फारसें टिकत नाहीं.

म्हणून गटानें स्वतःची राखण स्वतः करावी लागते, आणि त्या राखणींत पहिला विचार गटचालकाचा, म्हणजे ॲडमिनचा. 'बोअर्ड एप यॉट क्लब' या नांवानें वानरांचीं संगणकीय चित्रें विकणाऱ्या अमेरिकन कंपनीचा डिस्कॉर्डवर मोठा गट होता. ४ जून २०२२ रोजीं त्या गटाच्या व्यवस्थापकाचेंच खातें चोरीस गेलें. त्या खात्यावरून एका खास भेटीची घोषणा झाली, सभासदांनीं विश्वासानें दुवा उघडला, आणि सुमारें २०० ईथर इतक्या किमतीचीं चित्रें त्यांच्या हातून गेलीं. सभासद गाफील होते असें म्हणवत नाहीं. ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवावयाचा म्हणून गट बनला, त्याच्याच नांवानें तो निरोप आला होता. इमारतीच्या गटांतहि हेंच लागू आहे. ॲडमिन एकच असेल आणि त्याचें खातें गेलें, तर ठकास बाहेर काढण्याचा अधिकार ठकाकडेच उरतो. निदान दोन ॲडमिन असावे, आणि दोघांनींहि दुहेरी पडताळणी लावलेली असावी. गटांत येण्याचा दुवा फलकावर लावूं नये. नव्या सभासदास ॲडमिननें पाहूनच आंत घ्यावें. घर विकून गेलेले, भाडें सोडून गेलेले लोक वर्षानुवर्षें गटांत तसेच राहतात, त्यांची यादी अधूनमधून चाळावी. असें करणें कित्येकांस उद्धटपणाचें वाटतें. पण जिना सर्वांचा असला तरी रात्रीं खालचें दार कोणी तरी लावतोच.

सर्वांत उपयोगाची गोष्ट यंत्रांत नाहीं, रिवाजांत आहे. पैशाची मागणी लिहून आली तर फोन केल्याशिवाय पैसे देऊं नयेत, आणि असा फोन आल्यास कोणीहि रागावूं नये, हा ठराव गटानें एकदां उघडपणें करावा. एरव्हीं पुतण्यानें काकांस 'तुम्हींच मागितले ना?' असें विचारणें अविश्वासाचें वाटतें, आणि ठकाचा सारा धंदा या भिडेवर चालतो. ठराव असला म्हणजे विचारणें हा शिष्टाचार ठरतो. मात्र हा फोन व्हॉट्सॲपवरून करूं नये. खातें चोरीस गेलें असेल तर तो ठकाच्याच यंत्रावर वाजेल. साधा फोन मालकाच्या सिमवर जातो. 'नंबर बदलला आहे' असा निरोप नव्या क्रमांकावरून आला तर जुन्या क्रमांकावर फोन करावा. अलीकडे आवाजाचीहि हुबेहूब नक्कल होऊं लागली आहे. तेव्हां रक्कम मोठी असेल तर घरांतलीच एखादी गोष्ट विचारावी: गणपतीस या वर्षीं कोण आलें नव्हतें, आजोळच्या मांजराचें नांव काय. असलें ज्ञान परक्या केंद्रांत बसलेल्या माणसापाशीं नसतें.

एवढें करूनहि कोणी फसलें, तर त्यापुढचा पहिला तास महत्त्वाचा. गेलेले पैसे एका जागीं राहत नाहींत. ते भाड्यानें घेतलेल्या खात्यांतून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यांत वाटले जातात आणि शेवटीं रोख काढले जातात. २०२१ पासून चालू असलेल्या केंद्र शासनाच्या व्यवस्थेंत १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदली कीं ती बँकेकडे जाते, आणि पैसे पुढें सरकले असल्यास त्या पुढच्या बँकेकडे जाते. मध्यें सांपडलेली रक्कम गोठविली जाते. शासनानें जुलै २०२५ मध्यें संसदेंत दिलेल्या माहितीप्रमाणें या मार्गानें ५,४८९ कोटी रुपयांहून अधिक रक्कम वांचविण्यांत आली. त्याच माहितींत २०२३ सालचें नुकसान ७,४६५ कोटी आणि २०२४ चें २२,८४५ कोटी दिलें आहे. या दोहोंमधील अंतरास लाज हेंहि एक कारण आहे. फसलेला माणूस प्रथम गटांतून बाहेर पडतो, मग निरोप पुसून टाकतो, घरांत सांगत नाहीं, आणि तिसऱ्या दिवशीं चेहरा पाहून बायको विचारते तेव्हां बोलतो. तोंवर खातें रिकामें झालेलें असतें, आणि पुरावा त्यानें स्वतःच्या हातानें नाहींसा केलेला असतो. गटांतहि अशा वेळीं 'इतकें शिकून कसे फसलात?' असा एक तरी निरोप पडतोच. तो वाचून दुसरा फसलेला सभासद गप्प बसतो. ॲडमिननें पहिल्या प्रथम असले निरोप थांबवावे, आणि चोरीस गेलेलें खातें गटांतून काढून सर्वांस कळवावें. परत आलेल्या सभासदास साध्या फोनवर आवाज ऐकूनच पुन्हां आंत घ्यावें. तक्रारीस व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि पैसे ज्या खात्यांत गेले त्याची ओळख लागते. ठकाचे निरोप न पुसतां त्यांचीं चित्रें काढून ठेवावीं, आणि १९३० लागत नसेल तर फोन चालू ठेवून घरांतील दुसऱ्या कोणीं राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार-पोर्टलवर तीच नोंद करावी. बँकेस तिच्या कार्डामागें छापलेल्या क्रमांकावर कळवावें. शोधून काढलेल्या क्रमांकावर नव्हे, कारण ठकांनीं तेथेंहि आपले क्रमांक लावून ठेवलेले आढळले आहेत.